हिरवी मिश्री

डॉक्टरांनी चहा बंद करा असं म्हटलंच नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "दिवसाला किती होतात?" मी म्हणालो, "चार-पाच." शेजारी बसलेली बायको खोकली. जूनमध्ये एकदा झड लागली की बेळगावात कपडे वाळत नाहीत आणि चहाचे कप मोजायचे नसतात, हे डॉक्टरांना माहीत असायला हवं होतं, तेही इथलेच. पण रिपोर्टात साखर काठावर आलेली. "दुधाचे दोन ठेवा," ते म्हणाले, "बाकी वेळेला ग्रीन टी वगैरे घ्या."

त्या 'वगैरे'नं माझा घात केला.

बेंगळुरातल्या भाचीनं कुरिअरनं एक डबी पाठवली. सोबत बांबूचा एक ब्रश आणि फोनवरून तंबी, "मामा, ग्रीन टी जुना झाला. आता माचा. रोज सकाळी घ्यायचा." डबीत तीस ग्रॅम पूड, किंमत पंधराशे. बायकोनं उभ्याउभ्याच हिशोब केला. एका वेळेला दोन ग्रॅम म्हणजे पंधरा वाट्या, म्हणजे वाटीला शंभर रुपये. "शंभर रुपयांत कुंदा किती येतो, ठाऊक आहे न्हवं?" साखर काठावर आलेल्या माणसाला कुंद्याचा दाखला देणारी बाई बेळगावातच मिळते.

खरी तपासणी मात्र आईनं केली. आईचं माहेर निपाणी. जन्म तंबाखूच्या वासात गेलेला, आणि आज शहात्तराव्या वर्षीही मिश्रीची डबी कनवटीला. तिनं माझी डबी उघडली, नाकाशी नेली, चिमूट बोटांवर चोळली आणि विचारलं, "पानं कुठली?"

"जपानची. क्योतोजवळ उजी म्हणून गाव आहे. तोडणीच्या आधी तीनेक आठवडे झाडांवर सावली धरतात. त्यानं पान हिरवंगार होतं, कडूपणा कमी येतो."

"पानमळ्यागत की! पुढं?"

"वाफवून वाळवतात. मग देठ, शिरा काढून टाकतात."

"शिरा काढायलाच पायजेत." आईच्या नजरेत जपानबद्दल प्रथमच आदर दिसला. "आणि दळतात कशावर?"

"दगडी जात्यावर. तासाला चाळीसेक ग्रॅम निघते."

"तासाला चाळीस ग्रॅम?" आदर संपला. "आमच्या सासूनं मला जात्यासकट माहेरी धाडलं असतं."

आता मुख्य प्रकार, म्हणजे तो करायचा कसा. आपल्या चहाला पाणी उकळतं की नाही एवढंच बघायचं असतं. इथं पाणी ऐंशी अंशांच्या आसपास हवं; उकळतं ओतलं की पूड कडू होते. घरात थर्मामीटर एकच, तापाचा, आणि तो बेचाळीसच्या पुढं जात नाही. शेवटी बायकोनं सांगितलं, "उकळून खाली उतरा आणि आंघोळीचा टॉवेल शोधायला जा. सापडेपर्यंत होतंय बरोबर." पूड चाळून घ्यायची, नाहीतर गुठळ्या होतात. आमच्या पावसात पापड मऊ पडतो, तिथं ह्या पुडीची काय कथा! मग थोडं पाणी घालून तो ब्रश वाटीत मागं-पुढं, मागं-पुढं, इंग्रजी डब्ल्यू काढल्यासारखा, भराभर फिरवायचा. वर बारीक फेस आला पाहिजे. अख्ख्या बांबूच्या एकाच तुकड्याला चिरून केलेल्या केसासारख्या काड्या. सुंदर वस्तू आहे हो, खोटं कशाला बोला. आई बघून म्हणाली, "तुझा बाप असलाच ब्रश साबणावर फिरवायचा. फेस झाला तर दाढी करून घे."

पहिला घोट घेतला. उकडलेल्या पालकाच्या पाण्याला ज्ञानप्राप्ती झाली तर ते असं लागेल.

ज्ञानप्राप्ती उगीच म्हणत नाही. एसाई नावाचा भिक्षू 1191 साली चीनमधून चहाचं बी घेऊन जपानात परतला, तेव्हापासून तिकडच्या मठांत हा पुडीचा चहा रुजला. ध्यानाला बसल्यावर झोप येऊ नये म्हणून भिक्षू तो घेत. हे मी वाचलं, पण रात्री नऊ वाजता माचा प्यायल्यानंतर. साध्या ग्रीन टीत पान गाळून टाकतो. इथं अख्खं पान पोटात जातं, कॅफिनसकट. पहाटे तीनपर्यंत मी पत्र्यावरचा पाऊस ऐकत ध्यानस्थ होतो. डोळ्यांपुढं मात्र शून्य वगैरे काही आलं नाही. पतसंस्थेची थकीत कर्जं आली, नावानिशी.

त्याच पतसंस्थेत मी डबी घेऊन जाऊ लागलो. मित्रानं नाव विचारलं. "माचा," मी म्हणालो.

"मच्छे? खानापूर रोडवरचं?"

"माचा रे, माचा."

"मग कारखाना मच्छ्यात असंल."

शेजारच्या टेबलावरचे कन्नड सहकारी वाकून बघत म्हणाले, "येन्री सर इदू? कषाय?" मी होय म्हणून टाकलं. चूक झाली. कषाय म्हटल्यावर प्रत्येकाकडं एक असतोच. दुपारपर्यंत माझ्या कागदावर जिरं, धने, अमृतवेल आणि एका झाडाचं नुसतं चित्र एवढं जमलं.

आणि चारचा चहा! आमच्याकडं पाट्यांच्या अक्षरांवरून भांडणं होतात, खरं 'चहा' हा शब्द इकडं कन्नडातही चहाच आहे. चारला सगळे उठतात, कोपऱ्यावरच्या गाड्यावर जातात, हाफ हाफ घेतात, आणि मोबाइलवर न बोलता येणारं सगळं तिथं बोलतात. तिथं मी वाटी, चाळण आणि ब्रश काढून उभा. गाडेवाल्याकडं गरम पाणी मागितलं. त्यानं काळजीनं विचारलं, "पोराला औषध द्यायचंय काय?" ढवळून होईपर्यंत मंडळींचा चहा, एका बदलीची बातमी आणि दोघांचं भांडण संपलं होतं. मला तिन्ही नीट कळलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दोनांतला एक मी चारला लावला आणि माचा सकाळी घरीच घेऊ लागलो.

सांगायला लाज वाटते, पण आठवड्यानं मला तो आवडायला लागला. पहिला कडवटपणा ओसरला की मागून काहीतरी गोडसर येतं, ताज्या गवताच्या वासासारखं. सकाळी घर उठायच्या आत मी, वाटी आणि पाऊस.

फक्त हिशोब जुळेना. दहाव्या दिवशी डबीचा तळ दिसू लागला. अजून पाच वाट्या कुठं गेल्या? बायकोवर संशय घेऊन बघितला, महागात पडला.

शेवटी सकाळी मोरीच्या कट्ट्यावर आई सापडली. बोट तोंडात, नजर लांब कुठंतरी, आणि हिरड्या पोपटासारख्या हिरव्यागार.

"आई! शंभर रुपयाला वाटी आहे ती!"

तिनं शांतपणे चूळ भरली. मोरीतून हिरवं पाणी वाहत गेलं.

"दळण बारीक आहे," ती म्हणाली, "खरं झोंबत नाही. पोरीला सांग, पुढच्या खेपेला जरा कडक माल धाड म्हणावं."