इमारत होईल, पण वाचनालय उघडणाऱ्या माणसाच्या पगाराचं काय?

आमच्या तालुक्याच्या गावात सध्या वाचनालयाच्या नव्या इमारतीची चर्चा जोरात आहे. दोन मजले, वर एसी अभ्यासिका, खाली पार्किंग. नकाशाचे फोटो ग्रुपवर फिरतायत. इमारत व्हायलाच हवी, पावसाळ्यात कपाटांवर प्लॅस्टिक अंथरावं लागतं हे सगळे जाणतात. पण एवढ्या चर्चेत ग्रंथपालांच्या पगाराचा विषय कुणीच काढला नाही. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून लिहितोय.

आपलं वाचनालय दिवसभर काय करतं ते बघा. सकाळी मुक्तद्वार विभाग उघडतो. तिथे सभासद असण्याची अट नाही. निवृत्त मंडळी असतात, बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यांवरून आलेले लोक एसटीची वाट बघत पेपर वाचतात. माडीवर पोलीस भरतीची, तलाठी परीक्षेची, एमपीएससीची पोरं. घरात दोन खोल्या, त्यात टीव्ही चालू, अशा मुलाला पुण्याला खोली घेऊन राहणं परवडत नाही. त्याच्यासाठी ती एक खुर्ची फार मोठी गोष्ट आहे. संध्याकाळी देवघेव. मे महिन्यात बालविभाग. शिवाय वाचन प्रेरणा दिन, मराठी भाषा गौरव दिन आणि थंडीतली व्याख्यानमाला.

आणि दिवाळी अंक! एकदाच वर्गणी भरायची आणि पार उन्हाळ्यापर्यंत एकेक अंक घरी न्यायचा. या योजनेमागची मेहनत मी जवळून पाहिली आहे. आमच्या ग्रंथपाल ताई प्रत्येक अंकाला खाकी कव्हर घालतात. नुसत्या पिनांवर अंक टिकत नाही, पाच-सहा घरं फिरला की मधली पानं सुटतात. म्हणून त्या दाभणाने भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवतात. मग शिक्का, क्रमांक, नोंद. कुठल्या घरी कुठला अंक जाऊन आला हे वहीत असतंच, पण ताईंना ते तोंडपाठ असतं. "काकू, तो तुमचा वाचून झालाय, हा न्या," असं त्या वही न उघडता सांगतात.

किल्ल्यांवरचं पुस्तक मागायला आलेला आठवीतला एक मुलगा मला आठवतो. ते बाहेर गेलेलं होतं. ताईंनी त्याला परत न पाठवता सह्याद्रीतल्या भटकंतीचं एक पुस्तक दिलं. पुढच्या वेळी नकाशे कसे वाचायचे त्याचं, मग पक्ष्यांचं. आज तो मुलगा दर शनिवारी येतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजींसाठी ठसठशीत अक्षरांची पुस्तकं त्या बाजूला काढून ठेवतात. एवढं लक्ष ठेवणारं माणूस टेबलाशी बसलेलं असेल तरच ते वाचनालय. नाहीतर ती पुस्तकांची कोठी.

आता पैशांचं बघू. आपल्या राज्यात वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. ड वर्गाला 2012 पासून वर्षाला 30 हजार रुपये होते. दहा वर्षं तोच आकडा. मग 2022 मध्ये 60 टक्के वाढ झाली, म्हणजे 48 हजार झाले. महिन्याला चार हजार! त्यातच पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, सगळं. वरच्या वर्गांना जास्त मिळतं हे खरं, पण त्यांच्याकडे माणसं, तास आणि पुस्तकंही जास्त लागतात. ग्रंथालयशास्त्राचं प्रमाणपत्र घेतलेली बाई किराणा दुकानातल्या कामगाराहून कमी पैशांत राबते, आणि आपण तिला समाजसेवा म्हणून हार घालतो. मला याचा मनापासून संताप येतो. तिचंही घर आहे, तिच्याही पोरांच्या फिया आहेत.

याचं मूळ कायद्यात आहे. कोल्हापूर संस्थानाने 1945 सालीच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. पण त्यात ग्रंथालय उपकराची तरतूद नाही. कर्नाटक आणि तमिळनाडूत मालमत्ता कराबरोबर हा उपकर गोळा होतो, म्हणजे वाचनालयाचा हक्काचा पैसा वेगळा निघतो. आपल्याकडे सगळं अनुदानावर, आणि ते हातात पडेपर्यंत उधारी. पुस्तकांसाठी आणि इमारतीसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाची मदत मिळू शकते. देणगीदारही इमारतीला पुढे येतात, भिंतीवर नाव लागतं. पगाराला देणगी देणारा कुणी भेटत नाही.

"अभ्यासिकेची फी वाढवा, त्यातून पगार भागवा," असं काहीजण सुचवतात. मला हे पटत नाही. फी वाढली की ज्याला खुर्चीची खरी गरज आहे तोच आधी गळतो. शिवाय पैसा तिथून येतो म्हटल्यावर उद्या बालविभागाची खोलीही अभ्यासिकेला जाईल. आसपासच्या एक-दोन गावांत हे झालेलं मी बघितलंय. तिथल्या कपाटांना आता कुलपं आहेत.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी तीन मागण्यांचा ठराव मांडणार आहे. इमारत निधीतला ठरावीक हिस्सा मुदत ठेवीत टाकून त्याचं व्याज फक्त कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी वापरावं. नगरपंचायतीने अंदाजपत्रकात वाचनालयासाठी दरवर्षी रक्कम धरावी, म्हणून रीतसर अर्ज करावा. आणि आपली मासिक वर्गणी, जी आज एका वडापावाच्या प्लेटएवढी आहे, ती परवडणाऱ्यांनी स्वेच्छेने दुप्पट भरावी, मुलांची आहे तशीच राहू द्यावी. ठरावाला अनुमोदक हवा आहे. जे सभासद आहेत त्यांनी सभेला या, आणि ज्यांचं सभासदत्व थकलंय त्यांनी त्याआधी बाकी भरा, म्हणजे मत देता येईल.