स्लाइडवरून काढलेल्या प्रिंट धूसर आल्याच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की बाबांच्या १२ स्लाइड्स (पुठ्ठ्याच्या छोट्या चौकटीतल्या रंगीत फिल्म) देऊन १२ बाय १८ इंचांच्या प्रिंट मागवल्या, त्या धूसर आणि काळपट निघाल्या, आणि विचारल्यावर काउंटरवरून "स्लाइडच जुनी आहे" एवढंच उत्तर मिळालं. तुम्ही रागाने डबा इथेच ठेवून गेलात. काल रात्री दुकान बंद केल्यावर मी एकेक स्लाइड लाइट टेबलवर (खालून उजेड देणाऱ्या टेबलावर) ठेवून लूपखाली, म्हणजे छोट्या भिंगाखाली, पाहिली.

ते उत्तर चुकीचं होतं आणि त्याबद्दल मी माफी मागतो. तुमच्या ५ स्लाइड्स कोडाक्रोम, म्हणजे कोडॅक कंपनीच्या जुन्या स्लाइड फिल्मच्या, आहेत. अंधारात राहिलेल्या कोडाक्रोमचे रंग पन्नास वर्षांनंतरही टिकतात, तुमचेही टिकलेत. रामटेकच्या गडावरच्या स्लाइडमध्ये पायऱ्यांच्या दगडांतल्या भेगासुद्धा मोजता येतात. प्रिंटमध्ये त्या नाहीत, कारण आमच्या दुकानातल्या मुलाने स्कॅनरची धूळ काढायची सोय चालू ठेवली होती. ती इन्फ्रारेडवर चालते. बाकी स्लाइड फिल्मवर छान काम करते, पण कोडाक्रोममधून इन्फ्रारेड नीट आरपार जात नाही. मग मशीन चित्रातल्या बारीक गडद जागांनाच धूळ समजून पुसून टाकतं. कोडाक्रोमची धूळ ब्लोअरने आणि हाताने काढायची असते. वेळ लागतो, पण तेवढ्याचेच तर आम्ही पैसे घेतो.

दुसरी चूक सहा स्लाइड्सच्या प्रिंटमध्ये आहे: मध्यभाग लख्ख, कडा मऊ. पुठ्ठ्याच्या माउंटमध्ये (चौकटीत) फिल्म वर्षानुवर्षं राहिली की मधून फुगते आणि स्कॅनरला एका वेळी एकच पातळी फोकसमध्ये धरता येते. अशा वेळी माउंट उघडून फिल्म काचेखाली सपाट करावी लागते. बाबांच्या अक्षरातली तारीख त्या पुठ्ठ्यांवर आहे, म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय आम्ही ते उघडणार नाही. पण विचारायलाच हवं होतं, ते राहिलं.

काळपटपणाचं थोडं वेगळं आहे. स्लाइड आपण आरपार येणाऱ्या उजेडात बघतो. सावलीपासून ऊन्हापर्यंतचा तो सगळा पल्ला कागदावर मावत नाही. गडद भाग स्कॅन करतानाच सांभाळून उचलावे लागतात आणि कागद ग्लॉसी लागतो. तुम्ही मॅट निवडलात तेव्हा फरक दाखवायचं काम आमचं होतं.

आता आईंचा फोटो, ज्यावर तुमचा सगळ्यात जास्त राग आहे. अंबाझरीच्या काठावरचा, संध्याकाळचा. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. लूपखाली त्यांच्या नाकातली चमकी ठिपका दिसत नाही, आडवी बारीक रेघ दिसते. मागच्या दिव्यांच्याही तशाच रेघा, त्याच दिशेने. म्हणजे फोकस बरोबर होता, पण कमी उजेडात शटर हळू चाललं आणि कॅमेरा हलला. सॉफ्टवेअरने तो चेहरा धारदार करता येतो, शेजारच्या दुकानात करूनही देतील असं तुम्ही लिहिलंय. देतीलही. पण पापण्या, डोळे, ओठांच्या कडा मशीन स्वतःच्या मनाने काढेल आणि त्या तुमच्या आईच्या नसतील. मी ते करणार नाही. ३५ मिलिमीटरची स्लाइड १२ बाय १८ करताना जवळजवळ तेरा पट वाढते, तशी ती रेघही वाढते. ५ बाय ७ मध्ये ती डोळ्यांत भरत नाही. तशी एक प्रिंट मी काढून ठेवली आहे. आवडली नाही तर घेऊ नका.

बाकी ११ प्रिंट नव्याने काढून देतो, पैसे लागणार नाहीत. आईंच्या मोठ्या प्रिंटचे पैसे परत घ्या. शक्य झालं तर सोमवार ते शनिवार दुपारी चारनंतर या, माउंट कोणते उघडायचे ते तुमच्यासमोर ठरवू. स्कॅनच्या फाइल्सही पेनड्राइव्हवर देतो.

आणखी एक. दोन स्लाइड्सच्या कोपऱ्यात बुरशीची जाळी दिसली. घरी अजून दोनशेच्या आसपास स्लाइड्स कूलरच्या खोलीतल्या कपाटात आहेत असं तुम्ही म्हणाला होतात. आपल्याकडे उन्हाळाभर त्या खोलीत दमट हवा असते आणि त्यानंतर लगेच पावसाळा लागतो. डबे आजच दुसऱ्या कोरड्या खोलीत हलवा. माळ्यावर नको, तिथे उष्णता फार असते. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, तशाच घेऊन या.

– स्टुडिओचा मालक, धरमपेठ, नागपूर