‘रडूबाईंचा सिनेमा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ हा कॅन्सर झालेल्या हेझल आणि गस या दोन तरुण पोरांच्या प्रेमाचा इंग्रजी सिनेमा २०१४ मध्ये आला, तेव्हापासून त्याची टिंगल करणारं एक मत सगळीकडे फिरतंय. कॅन्सर झालेली पोरं अशी पुस्तकी बोलत नाहीत, मरण इतकं देखणं नसतं, आजाराची माहिती खोटी आहे, नाझींपासून लपून डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकच्या घरात चुंबन म्हणजे तर हद्दच झाली, आणि एकूण काय, तर शाळा-कॉलेजातल्या मुलींना रडवून गल्ला भरायचा धंदा. असं म्हणणाऱ्या पुष्कळांनी सिनेमा अर्ध्यातच सोडला असावा असं मला वाटतं. शेवटपर्यंत पाहिला असता, तर पेट्रोल पंपाचा प्रसंग त्यांना विसरता आला नसता.

आधी मरणाच्या देखणेपणाचं बघू, कारण सगळ्यात जास्त हसतात ते गसच्या सिगरेटला. अठरा वर्षांचा मुलगा, हाडाच्या कॅन्सरने एक पाय गेलेला. तो न पेटवलेली सिगरेट ओठांत धरतो आणि सांगतो की जीव घेणारी वस्तू तोंडात आहे, पण जीव घ्यायची ताकद मी तिला देत नाही. नाटकी आहे, मान्य. पण हे नाटक त्या पोराचं आहे. हा हाडाचा कॅन्सर, ऑस्टिओसार्कोमा, वाढीच्या वयातच जास्त होतो, बहुतेकदा गुडघ्याच्या आसपास. बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलाचा पाय जातो, तेव्हा तो कुठेतरी रुबाब शोधणारच. आणि सिनेमा हा रुबाब टिकू देत नाही. आजार उलटतो, गस खंगत जातो आणि एका रात्री हेझलला त्याचा फोन येतो. ती पोचते तेव्हा तो पंपावर गाडीत असहाय पडलेला असतो. ओकाऱ्या झालेल्या, पोटात बसवलेल्या नळीची जागा चिघळलेली. सिगरेटचं पाकीट घ्यायला एकटाच गाडी घेऊन निघाला होता, एवढं एक काम तरी आपलं आपण करावं म्हणून. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावू नकोस, असं तो रडून विनवतो. ती बोलावते. ज्या सिगरेटवरून इतके विनोद झाले तिचा शेवट हा असा आहे. यात देखणं काय आहे, ते मला कुणीतरी दाखवावं.

आता पुस्तकी बोलण्याचं. हेझल मोठे शब्द वापरते, हे खरं. पण जी मुलगी वर्षानुवर्षं डॉक्टर, नर्स आणि रिपोर्ट यांच्यात वाढली, शाळा सुटून घरी पुस्तकं वाचत बसली, तिची भाषा वयापेक्षा मोठी होणारच. मूळ कादंबरीचे लेखक जॉन ग्रीन यांनी तरुणपणी काही महिने मुलांच्या रुग्णालयात धर्मसेवक म्हणून, आजारी मुलांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या सोबतीला काम केलं होतं. आणि हेझलची सगळ्यात खरी भीती साध्या शब्दांतच येते: मी गेल्यावर आईबाबांचं काय? अतिदक्षता विभागात असताना तिने आईला बोलताना ऐकलेलं असतं, की आता मी कुणाची आई उरणार नाही. ते वाक्य पोरगी मनात घेऊन फिरते. पुढे भांडणात कळतं की आई समाजकार्याचं शिक्षण घेते आहे, पण लपवून, कारण लेकीला वाटू नये की आपल्या मागे काय करायचं हे आईने ठरवून टाकलंय. हे ऐकून हेझलला आनंद होतो. घरात दीर्घ आजार पाहिलेल्या कुणालाही विचारा, असं लपवणं ओळखीचं निघेल.

वैद्यकीय आक्षेपात तथ्य आहे. हेझलचं औषध काल्पनिक आहे. तिला थायरॉइडचा कॅन्सर आहे, फुप्फुसांत पसरलेला; पण मुलांमधला थायरॉइडचा पॅपिलरी कॅन्सर, म्हणजे त्याचा सर्वसाधारण प्रकार, फुप्फुसांत पसरला तरी बहुतेक मुलं उपचारांनी पुढे अनेक वर्षं जगतात. पण ‘असं होतच नाही’ हे म्हणणं चूक. ही कादंबरी ज्या एस्थर अर्लला अर्पण केलेली आहे, ती अमेरिकन मुलगी याच कॅन्सरने २०१० मध्ये गेली, वयाच्या सोळाव्या वर्षी. हेझल म्हणजे एस्थर नव्हे, पण नाकात ऑक्सिजनची नळी लावून हसणारी मुलगी लेखकाने हवेतून आणलेली नाही.

ॲन फ्रँकच्या घरातल्या त्या टाळ्या मात्र मलाही खुपतात. दोघं चुंबन घेतात आणि अनोळखी पर्यटक कौतुकाने टाळ्या वाजवतात, हे खोटं आहे आणि त्या जागेला शोभत नाही. पण त्याआधीचं चढणं खोटं नाही. अरुंद, उभे जिने, हेझलसोबत ऑक्सिजनचं ओझं, दर मजल्यावर लागणारी धाप. ॲन नाझींच्या बर्गेन-बेल्सन छावणीत १९४५ साली गेली तेव्हा अवघी पंधरा वर्षांची होती. जगायचं राहून गेलेल्या मुलीच्या घरात दुसरी तशीच मुलगी हट्टाने वरपर्यंत चढते, यासाठी ती जागा निवडली असेल तर मला ती पटते.

खरी टीका करायची तर पैशांवर करा. या सिनेमात उपचारांच्या खर्चाची चिंता जवळपास दिसत नाही. परळला टाटा रुग्णालयाबाहेर फुटपाथवर बिऱ्हाड मांडून बसलेल्या आईबापांना पहिला प्रश्न तोच असतो. पण टिंगल करणारे याबद्दल बोलत नाहीत.

ते बोलतात मुलींच्या रडण्याबद्दल, आणि तिथे मला राग येतो. १९७१ चा ‘आनंद’ घ्या. मरायला टेकलेला नायक पूर्ण वेळ संवाद म्हणतो, कविता ऐकू येते, आणि तो गेल्यावर टेपमधून त्याचा आवाज येतो. याहून नाटकी शेवट कोणता? तरी आपण त्याला अभिजात म्हणतो, रमेश देव आणि सीमा देव त्यात आहेत हे अभिमानाने सांगतो, आणि मोठी माणसं अजूनही तो पाहून डोळे पुसतात. मीही पुसतो. मग सोळा वर्षांची मुलगी हेझलसाठी रडली, की ती रडूबाई कशी? याच कथेवरचा ‘दिल बेचारा’ जुलै २०२० मध्ये आला, त्याचा नायक सुशांतसिंह राजपूत जाऊन जेमतेम सव्वा महिना झालेला. तेव्हा घरोघरी मोठी माणसं रडली, आणि त्यांच्या रडण्याला फारसं कुणी हसलं नाही.