बुडालेली शाळा आणि मे महिन्यातली हजेरी

मला एक सांगा, पाच वर्षं तुम्ही कुठे होतात?

यंदा निकाल हातात पडला न पडला तोच आमच्या शाळेने (ठाण्यातली, अनुदानित, मराठी माध्यम, नाव घेत नाही, पोराला अजून तिथेच शिकायचंय) पाचवीच्या सगळ्या पालकांना फर्मान काढलं. मे महिन्यात सकाळी आठ ते दहा ‘उपचारात्मक वर्ग’. हजेरी सक्तीची. कारण काय, तर ‘कोविड काळात झालेले शैक्षणिक नुकसान भरून काढणे’. अहो, २०२५ चा मे आहे हा! शाळा बंद झाल्या मार्च २०२० मध्ये. इतक्या वर्षांत तुम्हाला जाग आली ती नेमकी आमची मांडवी एक्स्प्रेसची तिकिटं कन्फर्म झाल्यावर?

आणि ती तिकिटं काय अशीच मिळतात? गेल्या नोव्हेंबरपासून रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. म्हणजे मे महिन्याच्या कुडाळसाठी मार्चमध्ये सकाळी आठच्या ठोक्याला मोबाईल हातात घेऊन बसायचं आणि ओटीपी येईपर्यंत वेटिंग लागलेलं बघायचं. तेही दिलं सोडून. पोराला खरोखर काही येणार असेल तर तिकीट रद्द करायला माझी एका पैशाची हरकत नाही. सासूबाई चार दिवस बोलतील, ऐकून घेईन. पण तिथे काय चाललंय ते आधी ऐका.

त्याआधी ही पाचवीची बॅच म्हणजे कोण, तेही सांगते, कारण शाळेतल्या कुणालाच ते आठवत नाही असं दिसतंय. यंदा पाचवी झालेली पोरं जून २०२० मध्ये पहिलीत गेली. गेली म्हणजे काय, घरातच बसली. अख्खी पहिली मोबाईलवर. आमच्या घरात तेव्हा एक धड फोन होता, तो ह्यांचा, आणि ह्यांचं काम अत्यावश्यक सेवेत, त्यामुळे फोन सकाळी सातलाच घराबाहेर. माझ्या जुन्या फोनवर बाईंचा चेहरा गोठायचा आणि आवाज पुढे जायचा. चाळीस पोरं, ‘सगळ्यांनी म्यूट करा’ यातच पंधरा मिनिटं जायची. सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ लागायचं, ते बरं होतं, खोटं कशाला बोलू. पण टीव्ही काही पोराच्या पाटीकडे बघून ‘अरे, तुझा ‘क’ उलटा झाला’ म्हणत नाही ना?

पहिलीत पोरगं अक्षर कसं शिकतं? बाई बाजूला उभ्या राहतात, बोट धरतात, गिरवून घेतात, शेजारचा चुकला की हसू येतं, मग आपलं सुधारतं. हे सगळं गेलं. मग दुसरी. दुसरीचीही अर्धी मोबाईलवर, डिसेंबर २०२१ मध्ये एकदाची शाळा उघडली, जानेवारीत ओमायक्रॉन आला आणि पुन्हा कुलूप. म्हणजे ज्या दोन वर्षांत वाचायला शिकायचं, नेमकी तीच दोन वर्षं बुडाली. तिसरीचं पुस्तक तर तुम्हाला वाचता येतं असं धरूनच सुरू होतं.

त्याचा परिणाम काय, तो आमच्या घरी रोज दिसतो. माझा मुलगा हुशार आहे, आई म्हणून म्हणत नाही, हिशेबात वाण्याला पकडतो. पण वाचताना शब्दाचं पहिलं अक्षर बघतो आणि बाकीचं ठोकून देतो. ‘पर्यावरण’ लिहिलेलं असतं, हा ‘परवानगी’ वाचतो आणि तसाच पुढे जातो, अर्थ लागत नाही हेही त्याला खटकत नाही. रफार कुठल्या अक्षराच्या आधी उच्चारायचा, हे त्याला कुणी समोर बसून शिकवलेलंच नाही. परिसर अभ्यासात कमी मार्क पडले म्हणून ओरडा खातो, आणि त्याला परिसर सगळा माहिती आहे, प्रश्नच वाचता येत नाही! पण प्रगतीपुस्तकात ‘वाचन: समाधानकारक’. कुणाचं समाधान झालं, देव जाणे.

बरं, सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. केलं, आणि तेच जास्त संतापजनक आहे. २०२१ च्या जुलैत पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास आला. शाळा बंद असल्यामुळे झालेलं नुकसान भरून काढायला, शाळा बंद असतानाच, मोबाईलवर! पीडीएफ यायची, आम्ही नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे रांग लावायची, पोराने उत्तरं लिहायची, आम्ही फोटो काढून पाठवायचे, बाईंनी अंगठा दाखवायचा. झाला सेतू. मग मार्च २०२२ मध्ये फतवा निघाला की एप्रिलभर शाळा पूर्णवेळ, शनिवारीसुद्धा, आणि हवं तर रविवारीही भरवा. शिक्षक संघटना उठल्या, पालकही उठले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये खारघरला महाराष्ट्र भूषणच्या सोहळ्यात उन्हाने चौदा माणसं गेली, तेव्हा सरकारला एकदम कळलं की एप्रिलमध्ये ऊन असतं, आणि २१ एप्रिलपासून सुट्टी जाहीर झाली. यंदा पुन्हा ते विसरले आणि परीक्षाच २५ एप्रिलपर्यंत लांबवली. एका वर्षी उन्हाने पोरं आजारी पडतात, दुसऱ्या वर्षी पडत नाहीत. सूर्याला जीआर पाठवतात की काय?

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट कुणी केली नाही. पोराला समोर बसवून, ‘वाच बाळ’ म्हणून, त्याला काय येतंय हे बघितलं नाही.

आकडे नाहीत असं नाही हो. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचा ‘असर’ नावाचा सर्वे येतच असतो. देशभरात तिसरीतल्या किती मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो? २०१८ मध्ये २७.३ टक्के. शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये २०.५. आणि २०२४ मध्ये २७.१. यावर पेपरात काय छापून आलं, तर ‘नुकसान भरून निघालं’! म्हणजे चारातल्या तिघांना वाचता येत नव्हतं, मध्ये तर पाचातल्या चौघांना येईना, आता परत चारातल्या तिघांना येत नाही, वाजवा टाळ्या. त्यातही तो सर्वे खेड्यातला. ठाणे, कळवा, मुंब्रा, घणसोली, इथल्या पोरांना कुणी विचारतच नाही. शहरात राहतात म्हणजे येतच असणार, असं धरून चाललेत. आणि २०२४ मध्ये जी तिसरीत होती ती पोरं बालवाडीच्या वयाची होती टाळेबंदीत. माझ्या मुलाची बॅच त्या आकड्यात नाहीच. ती पुढे सरकली, तशीच, न वाचता.

आता शाळेचीच गोष्ट घ्या. पॅटच्या, म्हणजे नियतकालिक मूल्यांकनाच्या सरकारी चाचण्या होतात. वर्षाला तीन. पायाभूत, संकलित एक, संकलित दोन. शिक्षक रात्री जागून एकेका मुलाचे गुण पोर्टलवर भरतात, पोर्टल मध्येच झोपतं, मग पुन्हा भरतात. म्हणजे कुणाला भागाकार येत नाही, कुणाला उतारा कळत नाही, याची यादी शाळेकडे तयार आहे. मग त्या यादीचं पुढे काय करतात? लोणचं घालतात?

कारण या मे महिन्याच्या वर्गात ती यादी कुठेच दिसत नाही. मी दोन दिवस पोराला सोडायला गेले ते मुद्दाम खिडकीपाशी रेंगाळले. पाचवीच्या दोन्ही तुकड्या एका हॉलमध्ये. ज्याला नव्वद टक्के पडलेत तोही तिथे, आणि जो दोन विषयांत गेलाय तोही तिथे. वर तीन पंखे, त्यातला एक नुसता आवाज करणारा. फळ्यावर भागाकार, ८४५६ भागिले २४. ज्यांना येतो त्यांनी दोन मिनिटांत केला आणि डबा उघडला. ज्यांना येत नाही त्यांनी फळ्यावरून उतरवून घेतला, खाली दोन रेघा मारल्या, स्केचपेनने. माझ्या मुलाच्या बाजूचा मुलगा चोवीस त्रिक किती हे बोटांवर मोजत होता, पहिली दहा बोटं संपल्यावर तो खिडकीबाहेर बघायला लागला. त्याला चोवीसचा नाही हो, सातचा पाढा येत नाहीये! त्याला २४ ने भागायला देऊन कुठलं नुकसान भरून निघतंय?

आणि पावणेदहाला सगळ्यांना उठवून फळ्यापुढे उभं केलं. बॅनर धरायला पुढच्या रांगेतले दोघं. फोटो. हजेरीपत्रक धरून आणखी एक फोटो. तो वर पाठवायचा असतो. त्यासाठीच तर सगळं चाललंय.

शिकवणाऱ्या बाईंना मी दोष देणार नाही. पंचविशीतल्या आहेत, तासिका तत्त्वावर, मे महिन्याचे पैसे मिळतील की नाही हे त्यांनाच ठाऊक नाही. कायम शिक्षकांना सुट्टीवरून बोलवायची हिंमत मुख्याध्यापकांत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या शिक्षकांचाही मला राग येत नाही फारसा. गेल्या वर्षाच्या सुरुवातीला मराठा आरक्षणाच्या सर्वेक्षणाला घरोघर पाठवले, मग लोकसभा, मग विधानसभा, बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं काम बारमाही. आमच्या वर्गशिक्षिका एकदा म्हणाल्या, ‘ताई, मला मतदारयादीतली माणसं पाठ झालीत, वर्गातली पोरं नाहीत.’ शाळेच्या दिवसात शिक्षक वर्गात नको, आणि मे महिन्यात हवा. हे डोकं कुणाचं?

ज्यांच्यासाठी हे वर्ग हवेत ती पोरं तिथे आहेत का, हेही बघा. आमच्या चाळीत पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या वहिनी आहेत. त्यांची मुलगी माझ्या मुलाच्याच वर्गात. गणितात गेली. पन्नासात अठरा हवे होते, ग्रेस धरूनही जमलं नाही. जूनमध्ये तिची फेरपरीक्षा आहे. दोन वर्षांपूर्वी पाचवी-आठवीला परत नापास करायचा नियम आला ना, त्यात हेही लिहिलंय की नापास मुलाला आधी जादा मार्गदर्शन द्यायचं, मग फेरपरीक्षा घ्यायची. म्हणजे खरा हक्क तिचा आहे. पण वहिनी पहाटे चारला कणीक मळायला बसतात, नऊपर्यंत डबे भरायचे, तोवर धाकट्याला कोण बघणार? मुलगीच. शाळेने काय केलं? तिलाही तोच छापील मेसेज, ‘गैरहजर राहिल्यास पालक जबाबदार राहतील’. दुपारी चारला ठेवला असता वर्ग तर ती आली असती. वहिनींनी विचारलं पण होतं. ‘दुपारी हॉल समर कॅम्पला दिलाय,’ असं उत्तर आलं. भाड्याने! रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

पालकांच्या ग्रुपवर तर वेगळीच जत्रा. एक बाजू म्हणते, ‘मुलांचं बालपण हिरावू नका, आंबे खाऊ द्या, विहिरीत डुंबू द्या.’ हे म्हणणाऱ्यांची पोरं सकाळी अबॅकसला, दुपारी स्केटिंगला आणि संध्याकाळी स्कॉलरशिपच्या क्लासला असतात. कुठली विहीर, घोडबंदर रोडला? दुसरी बाजू म्हणते, ‘शाळा फुकट शिकवतेय तर तुमचं काय जातंय?’ यांना सकाळचे दोन तास पोरं घराबाहेर हवीत, बस्स. भांडण दोन दिवस चाललं, गुड मॉर्निंगचे फोटो मागे पडले इतकं. पण पोरांना तिथे काय शिकवतायत, हे एकानेही विचारलं नाही. मी विचारलं, तर एक काका म्हणाले, ‘मॅडम, पॉझिटिव्ह राहा.’

राहते की पॉझिटिव्ह. उन्हाळ्यात वर्ग घ्या, माझा विरोध नाही, उलट २०२२ पासून दर मे महिन्यात घ्यायला हवे होते. पण आधी प्रत्येक पोराला एकेकट्याला बसवा. दुसरीचा एक उतारा, दोन गणितं. दहा मिनिटं लागतात एका मुलाला. मग इयत्ता, तुकडी, रोल नंबर विसरा आणि ज्याला जे येत नाही त्याप्रमाणे गट करा. अक्षरं जुळवता न येणारे एकीकडे, वाक्य अडखळत वाचणारे दुसरीकडे, ज्यांना सगळं येतं त्यांना सरळ गावाला पाठवा. मी काही जगावेगळं सांगत नाहीये. इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे शिकवायची ही पद्धत ‘प्रथम’ने आपल्याच देशात किती वर्षं वापरून दाखवली, परदेशी लोक येऊन अभ्यास करून गेले. दहा-बारा पोरांचा गट, रोज दीड तास, त्यात गोष्टी मोठ्याने वाचायच्या, चुकायचं, परत वाचायचं. एवढ्यात ‘पर्यावरण’चं ‘परवानगी’ होणं थांबतं. मी घरी जुने दिवाळी अंकांतले बालविभाग घेऊन बसवते त्याला, तेव्हा सुधारतो. पण मला कळव्याहून साडेआठची लोकल पकडायची असते आणि घरी यायला आठ वाजतात. मी शाळा आहे का?

मुख्याध्यापकांना हे सगळं जाऊन सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी, पाणी विचारलं, आणि म्हणाले, ‘वरून आलेल्या नमुन्यात इयत्तानिहाय हजेरीचा रकाना आहे. गटनिहायचा नाही.’

रकाना नाही म्हणून गट नाही! पुढे काय बोलणार? बाहेर पडले तर शिपाईकाकांनी थांबवलं, सरावपुस्तिकेचे दीडशे रुपये राहिलेत म्हणे. पुस्तिका चाळली. पहिल्याच पानावर पाचवीची पहिल्या सत्राची प्रश्नपत्रिका, दुसऱ्या पानावर दुसऱ्या सत्राची, झेरॉक्स इतकं पुसट की मलाच वाचता येईना. मुलगा सोळा जूनला सहावीत जाऊन बसेल, तेव्हा रफार मी शिकवलेला असेल, कुडाळच्या गाडीत का होईना. तिकिटं रद्द केलेली नाहीत. आणि ते दीडशे रुपयेही मी देणार नाहीये.