पाककृतीत किंचित फेरफार

ज्या पदार्थाच्या नावातच घाई आहे, त्याच्यासाठी मी रविवारी पहाटे साडेपाचचा गजर लावतो, ही गोष्ट आमच्या घरी आता कुणाला विनोदी वाटत नाही. केळ्यांचा ब्रेड, मफिन, स्कोन या भावंडांना मिळून ‘क्विक ब्रेड’ असे कुलनाम आहे. त्यातले ‘क्विक’ हे यीस्टच्या तुलनेत आहे, भुकेच्या तुलनेत नव्हे, हे मला फार उशिरा उमगले. यीस्टचे पीठ फुगण्याची तासन् तास वाट पाहावी लागते. येथे सोड्याची आम्लाशी गाठ पडताच कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो, इतकाच काय तो झटपटपणा. पुढे १७५ अंश सेल्सिअसला जवळजवळ तासभर भाजणे आणि नंतर सुरी न लावता निवू देणे, हे आपल्या गतीनेच चालते. तोवर घरची मंडळी काल उरलेले काहीबाही खाऊन घेतात आणि ब्रेड न्याहारीऐवजी दुपारच्या जेवणात अवतरतो.

तरीही हे सारे निभावले असते, जर मला पाककृती लिहिल्याबरहुकूम करता आली असती. छापील कृती समोर आली की तिच्यात ‘आपले काहीतरी’ घातल्याखेरीज मला चैन पडत नाही. दोन कप मैदा म्हटले की त्यातला एक कप मी ओट्सच्या पिठाला देऊन टाकतो. लोणी लिहिले असेल, तर तेल का नको, असा मूलभूत प्रश्न मला पडतो. शिवाय, पीठ नुसते ओले होईपर्यंतच हलवावे, गुठळ्या राहिल्या तरी राहू द्याव्यात, ही सूचना मला आळशी माणसाने लिहिलेली वाटत असे. म्हणून पहिल्या मफिनचे मिश्रण मी इतके मनापासून घोटले, की दुखरा खांदा बदलून पुन्हा घोटले. मैद्यातील ग्लुटेनला असे प्रोत्साहन मिळाले, की त्याची चिवट जाळी तयार होते आणि वायू तिच्यातून वाट काढत वर जाताना लांबट बोगदे खोदतो. आमचे मफिन कापल्यावर आरपार दिसत होते.

बेकिंग पावडरचा इतिहास वाचल्यावर तर माझ्या संशोधक वृत्तीला नवे बळ मिळाले. आल्फ्रेड बर्ड या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८४३ मध्ये यीस्टशिवाय पीठ फुगवणारी पावडर तयार केली, ती त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे म्हणून. माझ्या पत्नीला माझे फेरफार सोसत नाहीत. परंतु त्यावर कोणत्याही रसायनतज्ज्ञाने अद्याप काही शोधून काढलेले नाही.

या साऱ्यावर कळस चढला तो एका रविवारी. साली काळ्या पडलेली तीन केळी होती. अशा केळ्यांतील बहुतेक स्टार्चची साखर झालेली असते, म्हणून या ब्रेडला तीच हवीत, आणि ती कचऱ्यात जाण्यापासून वाचवली की मला परोपकाराचे समाधानही मिळते. कृतीत अक्रोड होते. अक्रोड सगळेच घालतात, या एकाच कारणासाठी मी ते बाद करून मूठभर सूर्यफुलाच्या बिया घातल्या. सोडा एक लहान चमचा लिहिला होता. एका चमच्याने एवढे फुगते, तर दोन चमच्यांनी किती फुगेल, असे साधे त्रैराशिक मी मांडले. ब्रेड फुगला, गडद तपकिरी झाला, मधोमध खुपसलेली काडी कोरडी निघाली. मी मनातल्या मनात सत्कार स्वीकारला. चवीला किंचित साबण लागत होता खरा, पण मी तो केळ्यांच्या माथी मारला.

संध्याकाळी उरलेला ब्रेड कापला, तेव्हा तो हिरवा होता. हिरवट नव्हे, शेवाळ्यासारखा हिरवा, आणि तोही प्रत्येक बीभोवती वर्तुळ धरून. पत्नीने सुरी खाली ठेवली आणि दुपारी कुणी किती तुकडे खाल्ले याची चौकशी सुरू केली. मी सर्वाधिक खाल्ल्याने मला उजेडात नेऊन जीभ दाखवायला लावण्यात आली. रात्रभर मी स्वतःच्या पोटाकडे संशयाने पाहत होतो. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला : सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल असते, सोड्याच्या अल्कलीशी त्याची गाठ पडली की हिरवा रंग उमटतो, ब्रेड निवत जातो तसा तो गडद होतो आणि अपाय काहीच करत नाही. हे मी विजयी मुद्रेने घरात वाचून दाखवले. कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

आमची कन्या मात्र एक हिरवी चकती डब्यात घालून मैत्रिणींना दाखवून आली होती, आणि घरी येताच तिने पुढच्या रविवारी पाच जणींना न्याहारीला बोलावल्याचे जाहीर केले. माझ्या हातच्या पदार्थासाठी पाहुणे आपणहून येण्याचा तो पहिलाच प्रसंग. या वेळी धोका नको म्हणून मी आयुष्यात प्रथमच कृती शब्दशः पाळली : चमचा सुरीच्या पाठीने सपाट केला, सोडा एकच चमचा घेतला, पीठ गुठळ्यांसकट सोडून दिले. फेरफार केला तो एकच. बिया अर्थातच घातल्या, पण साबणाची चव येऊ नये म्हणून सोबत अर्धा कप आंबट दही घातले.

ब्रेड अप्रतिम झाला. मऊ, जाळीदार, सोनेरी. दह्याच्या आम्लाने सोड्याची सगळी अल्कली जिरवून टाकली होती. निवेपर्यंत पाच मुली ताटांसमोर थांबल्या, आणखी एक तास थांबल्या, चकत्या उलटसुलट करून खिडकीशी नेऊन पाहिल्या. हिरवा ठिपकासुद्धा कुठे दिसेना.

“बाबा, तुम्ही बिघडवलात,” कन्या म्हणाली.

पत्नी काही बोलली नाही. तिने सोड्याचा डबा आणि त्यासोबत वाढायचा मोठा चमचा माझ्यापुढे सरकवला.