'विंडोज १० चा सपोर्ट संपला तरी दवाखान्याचं काही बिघडत नाही': त्या फॉरवर्डला उत्तर

डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांमधून एक लांबलचक मेसेज फिरतोय. थोडक्यात त्याचं म्हणणं असं, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून दवाखान्याने काहीही करायची गरज नाही. संगणक चालतोच, अँटिव्हायरस पुरतो, छोट्या दवाखान्याच्या वाटेला कोणी हॅकर जात नाही, मशीनचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, आणि हा सगळा कंपनीचा खप वाढवायचा खेळ आहे. दवाखान्यांचे आणि लॅबचे संगणक सांभाळणं हेच माझं काम असल्यामुळे 'हे खरं का हो?' असं विचारत अनेकांनी तो मला पाठवला. सगळाच मेसेज खोटा नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'संगणक चालतोच.' चालतो, आणि खरी पंचाईत तीच आहे. बंद पडला असता तर दुसऱ्या दिवशी नवा आला असता. थांबलंय ते दर महिन्याला येणारं सुरक्षा अपडेट. विंडोज ११ आणि १० मधला बराचसा कोड सारखाच आहे. ११ मधलं भोक, म्हणजे हल्लेखोराला आत शिरू देणारी चूक, बुजवणारं अपडेट आलं की ते भोक कुठे होतं हे जाणकाराला त्या अपडेटवरूनच कळतं. मग १० मध्ये तेच भोक उघडं आहे का, एवढंच बघायचं उरतं.

'अँटिव्हायरस आहे ना.' मायक्रोसॉफ्ट स्वतः विंडोज १० वरच्या डिफेंडर या अंगभूत अँटिव्हायरसला ऑक्टोबर २०२८ पर्यंत नव्या व्हायरसांची ओळख पुरवत राहणार आहे, हे खरं. पण अँटिव्हायरस येणाऱ्या फाइल तपासतो, विंडोजमधलं भोक बुजवत नाही.

'आमच्या दहा बाय बाराच्या दवाखान्यात कोण येतंय हॅक करायला?' हा मुद्दा सगळ्यांना पटतो, आणि सगळ्यात चुकीचा हाच आहे. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' हा फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा त्याने कोणाला निवडलंच नव्हतं. नेटवर्कवर अपडेट नसलेला संगणक सापडला की तो आत शिरायचा आणि तिथून पुढचा शोधायचा. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार इंग्लंडमधल्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ ट्रस्टपैकी (रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थांपैकी) किमान ८१ ट्रस्टना फटका बसला. त्याच अहवालात ५९५ जीपी प्रॅक्टिसही आहेत. जीपी म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर, कुठलं मोठं रुग्णालय नव्हे. पाच भागांत तर तातडीच्या रुग्णांना लांबच्या रुग्णालयात जावं लागलं.

यावर हमखास उत्तर येतं, 'ते एक्सपीवाले (सपोर्ट आधीच संपलेल्या जुन्या विंडोजचे) होते हो.' नव्हते. लागण झालेल्यांपैकी बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते आणि ७ चा सपोर्ट तेव्हा चालू होता. अपडेट मार्चमध्येच आलं होतं, ते टाकायचं राहून गेलं होतं, इतकंच. दोन महिन्यांच्या ढिलाईत हे झालं. आजचं विंडोज १०, मुदतीनंतरही सुरक्षा अपडेट देणारा जादा सपोर्ट घेतला नसेल तर, कायमच त्या ढिलाईत आहे. 'वेळ आली तर कंपनी देतेच अपडेट' हेही ऐकतो. एक्सपीसाठी दिलं होतं, हल्ला सुरू झाल्यानंतर.

'मशीनचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही.' हे मात्र बरंचसं खरं आहे. रक्तपेशी मोजणारा सेल काउंटर जुन्या सीरियल पोर्टवर, एक्स-रेचं सॉफ्टवेअर डोंगलवर (संगणकाला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर), आणि कंपनीला विचारलं तर ती नव्या मशीनचंच कोटेशन पाठवते. मशीनला जोडलेला तो संगणक बदलू नका. त्याचं इंटरनेट काढा. रिपोर्ट दुसऱ्या, अद्ययावत संगणकावर जाऊ द्या आणि पेशंटला व्हॉट्सॲप तिथून करा. दोन्हींच्या मध्ये नेटवर्क वेगळं करून घ्या, नेटवर्कवाल्याचं हे फार मोठं काम नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला, कित्येक दिवस नोंदणी आणि रिपोर्ट हाताने लिहावे लागले. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा अडकला होता, आणि सरकारने संसदेत कारण दिलं ते नेटवर्कचे नीट भाग न पाडल्याचं. शिवाय सर्व्हिस इंजिनिअरने लांबून ताबा घ्यायला टाकलेलं ॲप कायम चालू आणि पासवर्ड म्हणजे दवाखान्याचाच फोन नंबर, हे पाहिलं की मला अजूनही घाम फुटतो. काम झालं की ते ॲप काढा.

'कंपनीचा खप.' काही अंशी आहेच. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) आणि इंटेल प्रोसेसरची साधारण आठवी पिढी ही अट घातल्याने चांगले चालणारे संगणक बाद ठरले, त्यावरचा राग मला मान्य आहे. पण खरेदीआधी बायॉस, म्हणजे संगणक सुरू होतानाचं सेटिंग, उघडून बघा. बऱ्याच संगणकांत टीपीएम असतं, फक्त बंद असतं. ते चालू केलं, प्रोसेसर अटीत बसला आणि विंडोज ओरिजिनल असलं तर ११ फुकट मिळतं. संस्थांसाठीचा जादा सपोर्ट पहिल्या वर्षी प्रति संगणक ६१ डॉलर, मग दरवर्षी दुप्पट. दुसऱ्या वर्षी जागे झालात तर पहिल्याचेही भरावे लागतात. तिन्ही वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात, त्यात रिसेप्शनचा नवा संगणक येतो. रिसेप्शनचं सगळं काम ब्राउझरमध्येच असेल तर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणालीही चालेल, पण आधी प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन त्यावर लावून बघा.

कायद्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या दवाखान्यावर एवढा दंड बहुधा कोणी लावणार नाही, पण पेशंटची माहिती सांभाळायची जबाबदारी त्याच्यावरही आहेच.

शेवटची ओळ आहे, 'बॅकअप असला की झालं.' कुठला बॅकअप? डी ड्राइव्हवरचा? तो बहुतेक वेळा त्याच हार्ड डिस्कवर असतो. कायम लावून ठेवलेली पेन ड्राइव्हही त्याच झटक्यात लॉक होते. बॅकअप घेऊन काढून ठेवलेली एक डिस्क घरी हवी, आणि मशीनच्या जुन्या संगणकाची पूर्ण इमेजही (सॉफ्टवेअरसकट हुबेहूब प्रत) हवी, कारण त्याची हार्ड डिस्क हॅकरची वाट न बघताही जाऊ शकते. त्या बॅकअपमधून एकदा तरी डेटा परत आणून पाहिलाय का, असं विचारलं की डॉक्टर रिसेप्शनिस्टकडे बघतात आणि रिसेप्शनिस्ट माझ्याकडे.