चाकाचा स्टड ‘ठोकून बसवा’ या सल्ल्याला उत्तर
सध्या बराच फिरत असलेला एक सल्ला असा : चाकाच्या पाचांपैकी एक स्टड (ज्यावर नट आवळून चाक बसवतात तो आटेदार खिळा) तुटला तरी उरलेल्या चारांवर गाडी निर्धास्त चालते; बदलायचाच तर जुना हातोड्याने पाडावा, नवा चाकाच्याच नटने इम्पॅक्ट गन (झटके देत नट फिरवणारे यंत्र) लावून ओढून घ्यावा आणि आट्यांना तेल लावून नट अंगच्या जोराने आवळावा. यातले जवळजवळ प्रत्येक विधान जिवावर बेतू शकते.

‘चार पुरेत’ म्हणणारे चाक स्टडवर टांगलेले असते असे धरून चालतात. प्रत्यक्षात नट आवळला की स्टड स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो, त्या ताणाने चाक हबवर (चाक ज्यावर बसते त्या फिरत्या मधल्या भागावर) दाबून धरले जाते आणि भार पेलते ते मुख्यतः या दाबातून येणारे घर्षण. एक स्टड गेला की दाब घटतो, असमान होतो आणि शेजारचे स्टड चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकू लागतात. दोन तुटले असतील, तर त्या चाकाचे सगळेच बदलावेत.

हातोड्याबद्दल माझा आक्षेप सर्वांत तीव्र आहे. हब बेअरिंगवर बसलेला असतो. त्यामुळे स्टडवरचा घाव बेअरिंगच्या गोळ्यांमधून रेसपर्यंत (गोळ्या ज्यावर फिरतात त्या कड्यापर्यंत) पोचतो, तिथे बारीक खळगे पडतात आणि पुढे चाकातून घरघर येऊ लागते. हब गाडीवर असताना स्टड स्क्रूच्या दाबयंत्रानेच काढावा. अर्थात त्याआधी गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर टेकलेली असावी.

चाकाच्याच नटने स्टड ओढल्यास नटाची तिरपी बैठक खराब होते. त्याऐवजी एक जुना नट उलटा लावून, सपाट बाजू आत ठेवून, खाली ग्रीस लावलेले दोन-तीन वॉशर घालावेत आणि हातपान्याने सावकाश ओढावे. गनच्या झटक्यांनी आटे घासून चिकटतात. स्टडचा दातेरी भाग हबच्या भोकात शिरल्यावर फ्लँजच्या (हबच्या भोके असलेल्या चकतीच्या) मागे बोट घालून चाचपावे : डोके आणि फ्लँज यांच्यामध्ये कागदही शिरता कामा नये. फट राहिली, तर गाडी चालताना डोके आत सरकते, ताण उतरतो आणि घट्ट आवळलेला नट सैल पडतो.

गंजलेला नट काढताना तेल सोडावे, हे मात्र बरोबर आहे. नव्या आट्यांना ते लावू नये. आवळण्याच्या जोरापैकी सुमारे 90 टक्के घर्षणातच खर्च होतो. तेलाने घर्षण कमी झाले की त्याच टॉर्कला (पिळाच्या जोराला) स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. अंगच्या जोराला तर मापच नसते. बहुतेक मोटारींसाठी टॉर्क साधारण 90 ते 130 न्यूटन-मीटर असतो; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा, नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने (टॉर्क मोजणाऱ्या पान्याने) आवळावेत आणि 50 ते 100 किलोमीटर गाडी चालल्यावर चाके थंड असताना पुन्हा तपासावेत.